गाण्याच्या मधोमध बसायचंय?

इअरफोन घातला की गाणं डोक्यात वाजतं, स्पीकर लावला की समोर. पण गाणं आपल्या चहूबाजूंनी वाजावं म्हणून खास तयार केलेल्या डिस्क गेली पंचवीस वर्षं बाजारात आहेत. त्या घरी ऐकायला बंगला लागत नाही. पाच स्पीकर, एक सतरंजी आणि फोन बाजूला ठेवलेला एक तास, एवढ्यावर भागतं.

वारीत दिंडीच्या मधोमध कधी चालला आहात? टाळ समोरून ऐकू येत नाहीत, चहूबाजूंनी येतात. मृदंग एका अंगाला घुमत असतो, वीणेचा सूर दुसरीकडून येतो, मागून कुणीतरी वरची पट्टी लावलेली असते आणि आपण त्या आवाजाच्या पोटात असतो. वारी राहू द्या, विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या रांगांमधून एकदा वाट काढत गेलात तरी कळेल. रस्त्याच्या कडेला उभं राहून पथक बघणं वेगळं आणि पथकाच्या आत असणं वेगळं.

रेकॉर्ड केलेल्या संगीतात ही आत असण्याची मजा फार पूर्वीच सुटली. स्पीकर आला आणि तो समोर ठेवला गेला. मग स्टीरिओ आलं, एकाचे दोन स्पीकर झाले, पण दोघंही समोरच. गायक मधे, गिटार डावीकडे, व्हायोलिन उजवीकडे. सगळं भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखं. आता तर आपण सगळे इअरफोनवाले. लोकलमध्ये, पीएमटीत, जिममध्ये, लायब्ररीत गाणं थेट दोन कानांच्या मधोमध वाजतं.

सिनेमाने मात्र हा घेर सोडला नाही. थिएटरमध्ये मागून हेलिकॉप्टर आलं की आजही आपण मान वळवतो. मग हेच तंत्र, पडदा वगळून, फक्त संगीतासाठी वापरलं तर? सराउंड साउंडच्या म्युझिक डिस्क म्हणजे हाच प्रयोग.

दिसायला सीडीच, पण...

सोनी आणि फिलिप्सने १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली. तिच्यात आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलेलं असतं. चॅनल दोनच, डावा आणि उजवा. १९९९ मध्ये याच दोन कंपन्यांनी सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी आणली. आकार तोच, १२ सेंटिमीटरचा. पण मोजायची पद्धतच वेगळी : सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा, आणि दर वेळी फक्त एक बिट. बऱ्याच एसएसीडीत एकावर एक असे दोन थर असतात. साध्या सीडी प्लेअरला त्यातला सीडीचा थर दिसतो आणि गाणं नेहमीसारखं वाजतं. एसएसीडी प्लेअरचा लेझर मात्र दुसरा थर वाचतो. स्टीरिओची जास्त बारकाईची आवृत्ती आणि सराउंडची आवृत्ती असते ती या थरात.

पाठोपाठ २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. तिच्यात २४ बिट आणि सराउंडसाठी सेकंदाला ९६,००० पर्यंत मोजमापं. पुढे ब्ल्यू-रे आल्यावर तिच्यावरही फक्त संगीत असलेल्या डिस्क निघू लागल्या.

यातलं '५.१' हे प्रकरण सोपं आहे. समोर तीन स्पीकर, बाजूला किंचित मागे दोन, हे झाले पाच. उरलेला पॉइंट वन म्हणजे फक्त खर्जातला आवाज काढणारा सबवूफर. प्रत्येकाला स्वतःचा वेगळा आवाज मिळतो. एकच गाणं पाच ठिकाणी वाजवलं, असा हा प्रकार नाही.

आकड्यांना किती भुलायचं?

बॉक्सवर '२४ बिट' लिहिलेलं पाहिलं की हात आपोआप खिशाकडे जातो. जरा थांबा. १६ बिटांत आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या मावतात, २४ बिटांत सुमारे १ कोटी ६८ लाख. कागदावर फरक प्रचंड. पण माणसाचा तरुण कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज नीट पकडते. मग वरचं सगळं ऐकतं कोण?

हा वाद तपासायला मेयर आणि मोरान या दोघांनी एक प्रयोग केला आणि २००७ मध्ये तो ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापला. हाय-रेझोल्यूशन डिस्कचा स्टीरिओ आवाज एकदा तसाच ऐकवला, एकदा मधे सीडीच्या दर्जाचं यंत्र घालून ऐकवला आणि ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांपैकी बरोबर उत्तरं आली २७६. म्हणजे नाणं उडवून जेवढी येतील तेवढीच. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली. तेव्हा लोकांना फरक कळतो, पण अगदी थोडा, असं दिसलं : सुमारे ५२ टक्के बरोबर. कान तयार असलेल्यांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेलं.

गंमत पुढेच आहे. मेयर आणि मोरान यांनी त्याच लेखात एक निरीक्षण नोंदवलं : या महागड्या डिस्क नेहमीच्या सीडींपेक्षा खरोखर चांगल्या वाजत होत्या. कारण बिटांमध्ये नव्हतं, कामात होतं. त्या काळात साध्या सीडीवर प्रत्येक गाणं दुसऱ्यापेक्षा मोठ्याने वाजावं म्हणून आवाजाचे चढउतार दाबून सपाट केले जायचे. एसएसीडी घेणारा माणूस मन लावून ऐकणार, हे इंजिनीअरला माहीत होतं. म्हणून तिथे हळू जागा हळू राहिल्या आणि मोठ्या जागा मोठ्या.

तेव्हा डिस्क घेताना बिट मोजत बसू नका. चॅनल किती आहेत आणि ती मिक्स कुणी केली आहे, ते आधी बघा. पाच स्पीकरमधला फरक ओळखायला कुठलीही चाचणी लागत नाही. पहिल्या दहा सेकंदांत कळतो.

हॉलमधली खुर्ची की बँडमधली जागा?

सराउंड डिस्कचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात तुम्हाला हॉलमधल्या चांगल्या खुर्चीवर बसवतात. वाद्यं समोरच, मागच्या स्पीकरमध्ये फक्त हॉलचा श्वास : भिंतींवरून परतणारा आवाज, टाळ्या, छताची उंची. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या बहुतेक डिस्क अशाच. नुसतं ऐकताना मागचे स्पीकर चालू आहेत की नाहीत, अशी शंका येते. मग कुणीतरी ते बंद करतं आणि एवढा मोठा हॉल एकदम बेडरूमएवढा होतो.

यात एक छान गोष्ट दडली आहे. १९५० च्या दशकात आरसीए कंपनी शिकागो सिम्फनीसारख्या वाद्यवृंदांची रेकॉर्डिंग तीन ट्रॅकवर करत होती : डावा, मधला आणि उजवा. पण एलपीच्या खाचेत दोनच चॅनल मावायचे, म्हणून मधला ट्रॅक उरलेल्या दोघांत वाटून टाकला जायचा. २००४ पासून 'लिव्हिंग स्टीरिओ' या मालिकेच्या एसएसीडी निघाल्या आणि ते तिन्ही ट्रॅक पहिल्यांदाच लोकांच्या घरी तीन स्वतंत्र स्पीकरमधून वाजले. टेप जवळपास पन्नास वर्षं तयार होती, वाट बघत होती ती फक्त डिस्कची.

दुसऱ्या प्रकारात तुम्हाला थेट बँडच्या मधे बसवतात. इथे सगळ्यात प्रसिद्ध नाव पिंक फ्लॉइडचं. या मंडळींना आवाज फिरवायचा नाद जुना. १२ मे १९६७ ला लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी जॉयस्टिकसारखी दांडी असलेलं यंत्र वापरून आवाज प्रेक्षकांभोवती फिरवला होता. पुढे १९७३ मध्ये 'द डार्क साइड ऑफ द मून' आला. त्यातल्या 'टाइम' या गाण्याच्या सुरुवातीला एकाच वेळी किणकिणणारी घड्याळं इंजिनीअर अॅलन पार्सन्स यांनी घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून रेकॉर्ड केली होती. तीही या अल्बमसाठी नव्हे, तर चार स्पीकरच्या 'क्वाड्राफोनिक' तंत्राच्या प्रात्यक्षिकासाठी! म्हणजे ती घड्याळं जन्माला आली तीच चहूबाजूंनी वाजायला. जगाने मात्र ती वर्षानुवर्षं दोन स्पीकरवर, समोरून ऐकली. अल्बमच्या तिशीला, २००३ मध्ये, जेम्स गथ्री यांनी केलेली ५.१ मिक्स एसएसीडीवर आली, तेव्हा ती घड्याळं पुन्हा आपल्या जागी गेली.

दुसरं उदाहरण आपल्याला जरा जवळचं. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी आणि त्याचा क्वीन हा बँड. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मधला ऑपेराचा भाग आपल्या सगळ्यांना पाठ. तो कोरस वाटतो शंभर जणांचा, पण फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन थरावर थर चढवले आहेत. स्टीरिओत हे थर एकमेकांवर दाटीने बसतात. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे, तो 'अ नाइट अॅट द ऑपेरा' २००२ मध्ये डीव्हीडी-ऑडिओवर आला. तिथे त्याच थरांना पाच स्पीकरमध्ये पसरायला जागा मिळाली.

ही मिक्स नुसतं बटण दाबून होत नाही. त्यासाठी मूळ मल्टिट्रॅक टेप शोधाव्या लागतात, जिथे प्रत्येक वाद्य वेगळं असतं. मग गाणं पुन्हा पहिल्यापासून उभारायचं. स्वतः संगीतकार असलेला स्टीव्हन विल्सन २००९ पासून किंग क्रिमसन, जेथ्रो टल, येस अशा बँडचे जुने अल्बम असेच उभारतोय. नॉर्वेतली टू-एल ही छोटी कंपनी तर रेकॉर्डिंगच घेरून करते. चर्चमध्ये मधोमध मायक्रोफोन, भोवती वर्तुळात गायक-वादक. ऐकणारा बसतो तो बरोबर मायक्रोफोनच्या जागी. त्यांच्या 'लुक्स' या डिस्कला २०२० मध्ये इमर्सिव्ह ऑडिओचं ग्रॅमी मिळालं.

अर्थात प्रत्येक गाण्याला हे लागतंच असं नाही. पंडित विश्वमोहन भट आणि राय कूडर यांचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' हा अल्बम घ्या. १९९४ चं ग्रॅमी मिळवणाऱ्या या रेकॉर्डिंगची पद्धत अगदी साधी, दोन चॅनलची. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार समोरासमोर बसून बोलतात आणि दोन स्पीकर त्यांना पुरतात. उलट, मागच्या स्पीकरमध्ये उगाच खुळखुळे फिरवणाऱ्या सराउंड डिस्कही आहेत. जत्रेतल्या पाळण्यासारखं होतं. एकदा बसलं की पुरे.

मग हे चाललं का नाही?

एवढं भारी होतं, तर आपल्या घरात का नाही? पहिलं कारण भांडण. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ एकाच वेळी आल्या, एकीचा प्लेअर दुसरीला चालेना. गिऱ्हाईक म्हणालं, आधी तुमचं ठरू द्या. दुसरं कारण भीती. डिस्कची कॉपी होऊ नये म्हणून कंपन्यांनी सुरुवातीला डिजिटल आवाज प्लेअरच्या बाहेरच पडू दिला नाही. त्यामुळे सराउंडसाठी प्लेअरमागून सहा वेगवेगळ्या वायरी ओढाव्या लागायच्या. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला एसएसीडीचा तो खास थर आजही वाचता येत नाही. तिसरं कारण सगळ्यात मोठं. २००१ मध्ये आयपॉड आला. लोकांना गाणं घरभर नको होतं, खिशात हवं होतं.

दुकानंही गेली. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. एसएसीडी वाजवणाऱ्यांचा लाडका ब्रँड ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं. तरी हा प्रकार संपला नाही. जपानमध्ये आणि युरोपातल्या बिस, पेंटाटोनसारख्या शास्त्रीय संगीताच्या कंपन्यांकडून एसएसीडी येतच राहिल्या. इंग्लंडची डटन व्होकॅलियन १९७० च्या दशकातल्या क्वाड्राफोनिक टेप शोधून त्या एसएसीडीवर आणते.

घरात जमवायचं कसं?

स्वतंत्र म्युझिक रूम वगैरे डोक्यातून काढा. दहा बाय बाराची खोलीही चालते.

आधी घरात किंवा मित्राकडे क्रिकेट आणि सिनेमासाठी घेतलेलं ५.१ होम थिएटर पडून आहे का, ते बघा. बहुतेक डीव्हीडी-ऑडिओ डिस्कवर साध्या डीव्हीडी प्लेअरला चालणारी ५.१ आवृत्तीही असते. दर्जा थोडा कमी, पण पहिली चव घ्यायला उत्तम. एसएसीडीसाठी मात्र प्लेअरवर तिचा लोगो हवा. सोनीच्या बऱ्याच ब्ल्यू-रे प्लेअरवर ती चालते, घेण्याआधी मॉडेलची माहिती तपासा. प्लेअर आणि रिसिव्हर यांच्यात एचडीएमआय केबल लावा. ऑप्टिकल केबलमधून एसएसीडीचा सराउंड जात नाही, आणि मागचे स्पीकर गप्प का, म्हणून अनेक जण इथेच डोकं धरून बसतात.

आता स्पीकरच्या जागा. तुम्ही बसता ती जागा वर्तुळाचा मध्य धरा. समोरचा मधला स्पीकर सरळ नाकासमोर. डावा-उजवा त्यापासून ३० अंशांवर. मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या जरा मागे. अगदी पाठीमागच्या भिंतीला लावू नका. पाचही स्पीकर तुमच्यापासून शक्यतो सारख्याच अंतरावर आणि कानाच्या उंचीवर ठेवा. जमत नसेल तर रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये प्रत्येकाचं अंतर भरा, उरलेलं तो सांभाळतो. मग टेस्ट टोन लावून पाचही स्पीकर सारख्याच मोठ्याने वाजतात ना, ते फोनवरच्या डेसिबल मीटरच्या अॅपने बघा.

खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. 'टण्ण' असा आवाज आला तर फरशी आणि उघड्या भिंती बोलतायत. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट. आणि आजीची गोधडी भिंतीवर टांगलीत तर फारच छान. एवढ्याने जो फरक पडतो, तो महागड्या केबलने पडत नाही. सबवूफर मात्र शेजाऱ्यांच्या भिंतीला चिकटवू नका आणि त्याच्याखाली जाड मॅट घाला. खालच्या मजल्यावरच्या काकांना पिंक फ्लॉइड आवडेलच असं नाही.

आणि आवाज बेताचा ठेवा. स्पीकर भोवती असले की प्रत्येक वाद्याला स्वतःची जागा मिळते, एकाला दुसऱ्यावर ओरडावं लागत नाही. हळू आवाजातही सगळं वेगवेगळं ऐकू येतं.

स्ट्रीमिंग असताना डिस्क कशाला?

रास्त प्रश्न आहे. जून २०२१ पासून अॅपल म्युझिकवर डॉल्बी अॅटमॉसमधली गाणी ऐकता येतात आणि त्यामुळे सराउंड मिक्सला पुन्हा बरे दिवस आले, हे खरंच. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्ट्रीमिंगमध्ये हा सगळा पसारा सेकंदाला सुमारे ७६८ किलोबिटांत दाबून बसवलेला असतो. २४ बिटांच्या सहा चॅनलचा मूळ डेटा सेकंदाला १३,८२४ किलोबिट भरतो आणि डिस्कवर तो काहीही न गाळता मावतो. दोन, बहुतेक जण अॅटमॉस ऐकतात ते इअरफोनवर. तिथे मागून येणारा आवाज हा हिशेबाने तयार केलेला भास असतो. खोलीत मागचा स्पीकर खरोखर मागे असतो. मान वळवलीत तरी तो जागेवरच राहतो, दिंडीतल्या टाळासारखा.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच. २००० नंतरच्या काही वर्षांत निघालेल्या कितीतरी सराउंड मिक्स फक्त त्या डिस्कवरच आहेत. स्ट्रीमिंगवर अल्बमचं नाव दिसतं, कव्हर दिसतं, पण वाजते ती स्टीरिओ आवृत्ती किंवा नंतर केलेली दुसरी मिक्स. एखाद्या इंजिनीअरने महिनोन् महिने टेप उलगडून बांधलेलं ते काम डिस्क वाजवणारं यंत्र आणि ती सांभाळणारा माणूस असेपर्यंतच ऐकता येणार. कॉम्प्युटरवर सहज उतरवून ठेवता येत नाही, हे वर पाहिलंच. म्हणून जुन्या बाजारात, कुणा काकांच्या कपाटात अशी डिस्क दिसली तर ती भंगारात जाऊ देऊ नका. सीडीच्या कव्हरवर मागे कोपऱ्यात एसएसीडीचा छोटा लोगो असतो, तो शोधा. कित्येकांना आपल्याकडे हे काय आहे, याचा पत्ताच नसतो.

आणि हो, सराउंड डिस्क चालता-चालता ऐकता येत नाही. पाच स्पीकरच्या मधे एकच जागा बरोबर असते आणि तिथे बसावं लागतं. दुसऱ्या कामाला उठलात की गाणं लगेच विस्कटतं. फोन स्क्रोल करत ऐकलंत तर मागे काय चाललंय ते कळणारच नाही. पूर्वी लोक बैठकीला जायचे ते असेच, ऐकण्याशिवाय दुसरं काही न करायला. परीक्षा संपली की चार जण जमवा, ज्याच्याकडे होम थिएटर आहे त्याच्या घरी जा, पाळीपाळीने त्या मधल्या खुर्चीवर बसा. पाठ असलेलंच गाणं लावा. वर्षानुवर्षं ऐकूनही कधी न सापडलेलं एखादं वाद्य तुमच्या उजव्या खांद्यामागून वाजायला लागेल, आणि तुम्ही वळून बघालच.